दुसऱ्याची ग्रासहॉपर

टामिया कंपनीची ग्रासहॉपर ही रिमोटची गाडी आजही दुकानात नवीकोरी मिळते. मूळ गाडी १९८४ची. २००५मध्ये कंपनीने ती पुन्हा बाजारात आणली. सांगाडा तसाच पांढरा, खोक्यावरचं चित्रही ओळखीचं. संच आणायचा, शनिवार-रविवारात जोडायचा आणि अंगणात पळवायची. असं असताना चाळीस वर्षांपूर्वीची, चिखल वाळलेली, एक चाक डुगडुगणारी ग्रासहॉपर विकत घेऊन महिनोन्‌महिने तिच्यामागे लागणाऱ्या माणसाला व्यवहार कळतो असं कुणी म्हणणार नाही. जुनी गाडी, सुटे भाग, टायर, स्टिकर यांची बेरीज नव्या संचाच्या वर सहज जाते. बेरीज त्यालाही येते. तो ती बायकोला सांगत नाही, एवढंच.

इंग्लंडात लेस्टरच्या बाजूला राहणारे एक मराठी गृहस्थ या जातीतले. पेशाने इलेक्ट्रॉनिक्स अभियंते, मूळचे पुण्याचे. डाग द्यायला शिकले ते घरातल्या ट्रान्झिस्टरवर, आणि सुटे भाग आणायला बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत चकरा मारून. ग्रासहॉपर त्या वयात त्यांनी पाहिलीसुद्धा नव्हती. हा छंद करणारे त्यांच्या वयाचे इंग्रज बहुतेक आपल्याच लहानपणाच्या मागे असतात. वाढदिवसाला मिळालेली, नाहीतर मागून न मिळालेली गाडी पन्नाशीत मिळवायची, असा तो मामला. या गृहस्थांचं तसं काही नाही. ते दुसऱ्याच्या लहानपणाची दुरुस्ती करतात, आणि म्हणूनच त्यांना त्या गाडीत काही गोष्टी जास्त स्पष्ट दिसतात असं वाटतं.

गाडी मिळाली कार बूट सेलमध्ये. रविवारी सकाळी एखाद्या मैदानात लोक आपापल्या मोटारी ओळीने लावतात, डिकी उघडतात आणि घरातली अडगळ मांडून बसतात. आपला जुना बाजार स्वेटर घालून बसावा, तसा प्रकार. ग्रासहॉपर एका क्रेटमध्ये कॅसेटच्या ढिगाखाली होती. चालत नाही, हे विकणाऱ्या बाईंनी आधीच सांगून टाकलं. अशा वेळी चालते की नाही हे विचारण्यात अर्थही नसतो. गृहस्थांनी गाडी उलटी केली आणि पुढचे हात सांगाड्याला जिथे बसतात तिथे अंगठ्याने दाबून पाहिलं. धडक बसली की पहिली चीर तिथे जाते. मग मागचं एक चाक पुढे फिरवलं. दुसरं चाक उलटं, मागे फिरलं. म्हणजे डिफरन्शियलचे गिअर शाबूत होते. मग त्यांनी पैसे काढले. थोडी घासाघीस झाली. इंग्लंडात ती हळू आवाजात होते.

या गाडीचं सगळं वेगळेपण एका गोष्टीत आहे : ती तयार मिळत नव्हती. टामिया मुळात मॉडेलचे संच बनवणारी कंपनी. जपानच्या शिझुओका शहरात योशिओ तामिया यांनी १९४६मध्ये सुरू केलेला लाकडाचा धंदा. त्यातून आधी लाकडी मॉडेलं आली, मग प्लॅस्टिकची. पुढची पिढी, म्हणजे शुन्साकु तामिया, तपशिलासाठी एवढे हट्टी की पोर्शेचं मॉडेल बरोबर उतरावं म्हणून त्यांनी खरी पोर्शे ९११ विकत घेऊन सुटी केली. कंपनीची पहिली रिमोटची विजेवरची मोटार १९७६ची, तीही पोर्शेच, ९३४. सँड स्कॉर्चर आणि रफ रायडर या वाळूत पळणाऱ्या गाड्या १९७९मध्ये आल्या. त्या देखण्या होत्या, पण धातूच्या भागांमुळे महाग. ग्रासहॉपर आली ती नवशिक्या पोरांसाठी. टबासारखा एकसंध प्लॅस्टिकचा सांगाडा, कमी भाग, लहानशी ३८० मोटर. खोक्यात फांद्यांना लगडलेले प्लॅस्टिकचे भाग, स्क्रूंच्या पुड्या आणि चित्रांची पुस्तिका. जोडायचं काम ज्याची गाडी त्याचं, म्हणजे बहुतेक वेळा एखाद्या बारा-तेरा वर्षांच्या मुलाचं. त्यामुळे जुनी ग्रासहॉपर उघडली की कारखाना थोडा दिसतो आणि तो मुलगा जास्त.

उघडायचं कसं, इथपासून प्रश्न असतो. टामियाचे स्क्रू जपानी मापाचे, जेआयएसचे. दिसायला ते फिलिप्ससारखेच फुलीचे असतात, पण खाचेचा आकार थोडा वेगळा असतो. साधा फिलिप्सचा स्क्रूड्रायव्हर लावला की टोक पूर्ण बसत नाही, जोर दिला की उसळून बाहेर येतं आणि खाच गोल होते. जुन्या गाड्यांतले निम्मे स्क्रू असे चावलेले असतात. घरात होता तो स्क्रूड्रायव्हर बाबांनी पोराच्या हातात दिला, दुसरं काय होणार? गृहस्थांकडे जपानी मापाचे दोन स्क्रूड्रायव्हर आहेत आणि ते घरातल्या इतर कुठल्याही कामाला वापरू देत नाहीत. यावरून घरात शब्दही झालेले आहेत.

स्क्रू परत लावण्याची त्यांची पद्धत पाहण्यासारखी आहे. प्लॅस्टिकमध्ये बसणारा स्क्रू स्वतःच आटे पाडत जातो. तो काढून पुन्हा सरळ पिळला तर जुन्या आट्यांशेजारी नवे आटे पडतात, आणि असं दोन-चारदा झालं की भोक ढिलं होतं. म्हणून ते स्क्रू भोकात ठेवतात आणि आधी उलटा, डावीकडे फिरवतात. सावकाश. एका जागी तो किंचित खाली बसतो, बोटाला टिचकीएवढा धक्का लागतो. जुना आटा सापडला. तिथून उजवीकडे. स्क्रू जवळजवळ स्वतःहून आत जातो.

गिअरबॉक्स उघडला तेव्हा आत ग्रीस असं उरलंच नव्हतं. त्याचं तपकिरी मेण झालं होतं आणि त्यात वाळू रुतलेली होती. नायलॉनचे गिअर बाहेर काढून दातन्‌दात ब्रशने धुवावे लागले. मोटरच्या दांड्यावरचा छोटा गिअर दीड मिलिमीटरच्या षटकोनी किल्लीने सुटतो, पण त्याचा स्क्रू गंजून एकजीव झाला होता. सोल्डरिंग आयर्नचं टोक त्यावर धरून तापवला, तेव्हा हलला. मागच्या आसाच्या टोकाला, चाकाच्या आत, एक गुंडाळी निघाली. वरच्या थरात केस आणि गवताच्या काड्या, आणि त्याखाली घट्ट बसलेले गालिच्याचे धागे. हे धागे गृहस्थांनी चिमट्याने सोडवून भिंगाखाली पाहिले. ते आतल्या बाजूला होते, म्हणजे आधी गाडी घरात पळाली, मग बागेत गेली. पहिल्या दिवशी बाहेर पाऊस असणार किंवा पोराला धीर नसणार. इंग्लंड असल्याने दोन्ही शक्य.

पुढे असे पुरावे येतच गेले. बंपरच्या एका स्क्रूच्या जागी सुताराचा लाकडाचा स्क्रू पिळलेला. पुढचा डावा हात एकदा मोडून चिकटवलेला, आणि गोंद इतका सढळ की तो जोड आजूबाजूच्या प्लॅस्टिकपेक्षा जाड. मोटर मूळची ३८० नव्हतीच. तिच्या जागी जाडजूड ५४० बसवलेली होती. हॉर्नेट नावाची ग्रासहॉपरची थोरली बहीण त्याच वर्षी आली. सांगाडा त्याच घडणीचा, पण काळा, आणि मोटर ५४०. शेजारच्या पोराकडे हॉर्नेट असेल आणि तो पुढे जात असेल, असा अंदाज बांधायला हरकत नाही. खाऊचे पैसे साठवून मोटर बदलणं हा त्या काळातला पोरांचा सर्रास चालणारा उद्योग होता.

इथे या छंदात दोन तट पडतात. एक तट म्हणतो, गाडी खोक्यातून निघाली तशी झाली पाहिजे. ३८० शोधा, लाकडाचा स्क्रू फेका, चिकटवलेला हात बदला. नव्या संचाचे बरेच भाग जुन्या गाडीला बसतात, त्यामुळे हे सोपंही आहे. पण असं करत गेलं तर शेवटी हातात २००५चीच गाडी उरते, जुन्या पत्त्यावर नवी, हे त्या तटाला पटवता येत नाही. गृहस्थ दुसऱ्या तटातले, पण आंधळे नाहीत. ५४० ठेवली, कारण ती पोराची निवड होती. लाकडाचा स्क्रू काढला. तो नाइलाज होता, आणि त्याने भोक फाटत होतं. भोक भरायला एबीएसचे तुकडे द्रावणात विरघळवून त्याची पेस्ट केली, भरली, वाळू दिली आणि मग पुन्हा बारीक भोक पाडलं. हात मात्र बदलला नाही. गोंद कमी केला, आतल्या बाजूने धातूची पट्टी लावली. हा निर्णय सगळ्यांना पटेल असा नाही, आणि ताकदीच्या हिशेबाने नवा हातच बरा होता हेही खरं.

खरी खराबी विजेच्या भागात होती. अशा गाड्यांचा घात धडकेने कमी आणि माळ्यावर ठेवून दिल्याने जास्त होतो. रिसीव्हरसाठी चार पेन्सिल सेलचा डबा असतो. सेल आत तसेच राहिले की फुटतात आणि त्यातलं अल्कलीचं पाणी बाहेर येतं. हवेत त्याची पांढरी पूड होते, ती सगळ्यांना दिसते. दिसत नाही ते हे, की तोच द्रव तारेच्या इन्सुलेशनखालून तांब्याच्या धाग्यांमधून वर चढत जातो. गृहस्थांनी तार डब्यापाशी कापली, तर तांबं काळं. बोटभर पुढे कापली, तिथेही काळं. काळ्या तांब्यावर सोल्डर धरत नाही, थेंब होऊन घरंगळतो. शेवटी अख्खी तार बदलावी लागली. डब्यातल्या पट्ट्या व्हिनेगरने पुसल्या. अल्कलीवर आम्ल, शाळेतलंच शास्त्र. पण पुसून झाल्यावर पाण्याने धुणं आणि कोरडं करणं लोक विसरतात, आणि मग व्हिनेगर आपलं काम पुढे चालू ठेवतं.

मोठी बॅटरी ७.२ व्होल्टची, निकेल-कॅडमियमची, सहा सेलांची. ती गेलेलीच होती. कॅडमियम विषारी, त्यामुळे ती कचऱ्यात न टाकता बॅटऱ्या गोळा करणाऱ्या केंद्रात दिली. तिच्या जागी निकेल-मेटल हायड्राइड. तेवढेच सेल, तेवढेच व्होल्ट. आजच्या लिथियम बॅटऱ्या हलक्या आणि दमदार असतात, पण त्या ठरावीक पातळीखाली उतरल्या की खराब होतात आणि ते थांबवणारी सोय जुन्या गाडीत नाही. प्लॅस्टिकचं पांढरं कनेक्टर तपकिरी पडून अर्धं वितळलं होतं. ५४० मोटरचा प्रवाह त्याला झेपत नव्हता, तेही बदललं.

वेग कमी-जास्त करणारी यंत्रणा मात्र गृहस्थांची लाडकी. आज हे काम इलेक्ट्रॉनिक सर्किट करतं. १९८४मध्ये एक सर्व्हो मोटर एक हात फिरवायची, आणि तो हात तांब्याच्या पट्ट्यांवरून सरकायचा. एका पट्टीवर पूर्ण वेग. दुसरीवर वीज चिनी मातीच्या रोधातून जाणार, म्हणजे वेग कमी. उलट्या बाजूला रिव्हर्स. हळू जाताना वाचलेली वीज कुठेच वाचत नाही, ती रोधात जळते. समजा ५ अँपिअर वाहतायत आणि रोधावर २.५ व्होल्ट पडतायत, तर १२.५ वॉटची उष्णता झाली. बोटाला चटका द्यायला पुरेशी. पोरं म्हणूनच कायम सुसाट पळवायची, असा गृहस्थांचा एक गमतीचा सिद्धांत आहे. सिद्ध करता येत नाही, पण तांब्यावरच्या खुणा त्या बाजूने आहेत. पूर्ण वेगाची पट्टी ठिणग्यांनी खड्डे पडून काळी झालेली, हळू चालीची जवळजवळ कोरी. बारीक पॉलिश पेपरने पट्ट्या साफ केल्या, दाब पुन्हा जुळवला. नवा सर्किट बोर्ड टाकला असता तर बॅटरी जास्त चालली असती. टाकला नाही.

रेडिओच्या बाबतीत त्यांनी हा हट्ट धरला नाही. जुने सेट २७ मेगाहर्ट्झवर चालत. इंग्लंडात त्यासाठी सहा रंगांच्या वाहिन्या होत्या, तपकिरी, लाल, नारिंगी, पिवळी, हिरवी आणि निळी, आणि प्रत्येकीसाठी क्रिस्टलची वेगळी जोडी. मैदानावर येताना अँटेनाला आपल्या रंगाची फीत बांधायची. दोघांचा रंग एकच निघाला की एकाने थांबायचं, नाहीतर एकाच्या हुकमाने दुसऱ्याची गाडी कुंपणावर. शिवाय मोटरच्या ब्रशच्या ठिणग्यांचा गोंगाट त्याच पट्ट्यात घुसायचा. तो दाबायला मोटरवर चिमुकले कपॅसिटर डागलेले असतात, आणि या गाडीत त्यातला एक तुटून लोंबत होता. गृहस्थांनी कपॅसिटर नवे लावले आणि तरी २७ मेगाहर्ट्झ सोडून दिलं. आत २.४ गिगाहर्ट्झचा नखाएवढा रिसीव्हर आहे. उंच अँटेनाची नळी जागेवर आहे, नुसती शोभेची.

टप बाकी होता. ग्रासहॉपरचा टप पॉलिस्टायरिनचा, कडक. मूळ पांढरा, या पोराने तो ब्रशने निळा केला होता. एनॅमल रंग, ब्रशचे ओघळ, कोपऱ्यात एक केस अडकलेला. तो रंग काढायचा असता तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये टप भिजवावा लागला असता; अॅसिटोन लावलं तर रंगाबरोबर टपही जातो. गृहस्थांनी बाटली आणून ठेवली होती. मग टप उलटा केला. आतल्या बाजूला, रिसीव्हरची मऊ तार वर्षानुवर्षं टेकून राहिल्याने प्लॅस्टिकमध्ये वेड्यावाकड्या रेषेचा चर पडला होता. तारेच्या पीव्हीसीतलं तेल पॉलिस्टायरिनला खातं. आणि त्या चराशेजारी पेन्सिलने मुलाचं पहिलं नाव आणि एक वर्ष. १९८६. बाटली कपाटात गेली. निळा रंग साबणाच्या पाण्याने धुतला, सुटणारे पोपडे तेवढे बसवले, चालकाच्या पुतळ्याचं शिरस्त्राण पुसलं. अर्धवट उडालेले स्टिकर तसेच राहिले.

सांगाड्याचा पांढरा रंग दातांवर चहाचे डाग पडावेत तसा झाला होता, पण तो मळ नव्हे. प्लॅस्टिकच पिवळं पडतं. हायड्रोजन पेरॉक्साइडची क्रीम, केसांच्या रंगासोबत मिळते तीच, फासून वर पातळ प्लॅस्टिक गुंडाळायचं आणि उन्हात ठेवायचं, हा यावरचा प्रसिद्ध उपाय. थर सारखा बसला नाही की ढगासारखे पट्टे उमटतात, आणि काही वेळा पिवळेपणा परतही येतो. शिवाय लेस्टरचं ऊन म्हणजे ठरवून केलेल्या कामाला यायचंच असं नाही. गृहस्थांनी बाहेर दिसणारा भाग उजळवला, पोटाकडची बाजू तशीच ठेवली. प्रदर्शनात मांडणाऱ्यांना हे अर्धवट काम वाटतं.

त्यांचं प्रदर्शनवाल्यांशी खरं भांडण मात्र वेगळं आहे. काचेच्या कपाटात ठेवलेली, कधी न पळालेली गाडी हे लोक सर्वात मोलाची मानतात. गृहस्थांच्या मते न चालणारी गाडी दुरुस्त झालेली नसते, ती फक्त धुतलेली असते. ग्रासहॉपर चालते तेव्हाच कळते. मोटर, गिअरबॉक्स आणि मागचा आस हे एकच गाठोडं. खड्डा आला की अख्खं वरखाली होतं, आणि मागच्या स्प्रिंगांना आवरायला हॉर्नेटसारखे तेलाचे डँपर नाहीत. त्यामुळे ती उड्या मारत पळते. नाव नाकतोड्याचं आहे ते उगीच नाही.

पहिल्यांदा पळवली ती मोकळ्या पार्किंगमध्ये, एका मराठी मित्राच्या मुलाच्या हाती रिमोट देऊन. जुने टायर काढून डब्यात ठेवले होते. रबराला चिरा गेल्या होत्या, एका वळणात फाटले असते. नवे टायर डांबरावर चिकटून धरत होते.

"काका, फुल दाबू?"

"दाब."

५४०ने उडी घेतली, मागचं गाठोडं नाचायला लागलं आणि गाडी सरळ कर्बवर. बंपरचा कोपरा उडून लांब पडला. मुलाचा चेहरा उतरला. काकांनी खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. तिच्यात नवा बंपर, फांदीला लागलेला, तयार होता. तो बदलण्यात त्यांना कसलाच विचार करावा लागला नाही. बंपर आपटायलाच असतो, पहिल्या मुलाने किती बदलले असतील कोण जाणे.

सध्या त्यांच्या टेबलावर टामियाचीच फ्रॉग ही गाडी आहे, १९८३ची. हिचं दुखणं वेगळं. मागच्या चाकांना जाणारे षटकोनी दांडे आणि त्यांच्या वाट्या घासून गोल होतात, मग मोटर फिरते आणि चाकं नुसती थरथरतात. २००५मध्ये फ्रॉग पुन्हा काढताना टामियाने नेमका हा भाग बदलला. नवे दांडे या गाडीत बसतात आणि टिकतातही. जुने भाग कोरे मिळाले तर ते महाग, आणि लावले तर पुन्हा घासणार. या फ्रॉगवर पेन्सिलचं नाव नाही, गोंद नाही, लाकडाचा स्क्रू नाही. कुणीतरी ती अगदी पुस्तिकेबरहुकूम, नीट जोडली होती. दोन्ही दांडे शेजारी शेजारी ठेवलेले आहेत, आणि बायकोने जेवायला वाढल्याचं दोनदा सांगून झालं आहे.